डायलिसिसचं मशीन तेच, पण बिल भरणारा बदलला की उपचार का बदलतो?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी,

आरोग्यसेवेच्या धंद्यावर इथं अधूनमधून धागा निघतो आणि पाच-सहा प्रतिसादांत गाडी कट प्रॅक्टिसवर जाऊन अडते. या वेळी एकच यंत्र धरून बोलू या, डायलिसिसचं, म्हणजे मूत्रपिंडाऐवजी रक्त गाळणारं. नवं तंत्र आलं की त्याच्याभोवती पैशाची घडी कशी बसते, हे या यंत्राच्या इतिहासात जितकं उघड दिसतं तितकं दुसरीकडं दिसत नाही, असं माझं मत आहे.

विलेम कोल्फ हा नेदरलँड्समधला तरुण डॉक्टर. महायुद्ध चालू, देश जर्मनांच्या ताब्यात आणि हा काम्पेन नावाच्या लहान गावातल्या हॉस्पिटलात. १९४३ साली त्यानं लाकडी पट्ट्यांच्या ढोलाला सेलोफेनची वीसेक मीटर नळी गुंडाळली. ही नळी मुळात सॉसेजच्या आवरणासाठी बनायची. ढोल अर्धा मिठाच्या द्रावणात बुडवून फिरवायचा आणि नळीतून रोग्याचं रक्त खेळवायचं. पहिले जवळजवळ सगळे रोगी दगावले. १९४५ च्या सप्टेंबरात ६७ वर्षांची एक बाई बेशुद्धीतून बाहेर आली आणि जगली. कोल्फनं पेटंट घेतलं नाही. युद्ध संपल्यावर आपली यंत्रं परदेशातल्या हॉस्पिटलांना देऊन टाकली.

तेव्हा दर खेपेला नवी रक्तवाहिनी उघडावी लागे, त्यामुळं मूत्रपिंड तात्पुरतं बंद पडलेल्यालाच उपयोग व्हायचा. १९६० साली अमेरिकेतल्या सिएटलच्या डॉक्टर बेल्डिंग स्क्रिबनरनं टेफ्लॉनची यू आकाराची नळी रोग्याच्या हातात कायमची बसवली आणि नळाला पाइप जोडावा तसं मशीन हवं तेव्हा जोडता येऊ लागलं. क्लाइड शील्ड्स हा त्याचा पहिला रोगी, तो त्यानंतर ११ वर्षं जगला.

खरा पेच इथं सुरू झाला. माणूस वाचतो, पण जन्मभर दर आठवड्याला मशीनवर जायचं. एका रोग्यामागं वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर खर्च, तोही १९६२ चा. सिएटलच्या केंद्रात खाटा मोजक्या आणि दारात रांग. मग कोणाला घ्यायचं हे ठरवायला सात जणांची समिती बसवली: वकील, धर्मगुरू, बँकवाला, गृहिणी, सरकारी अधिकारी, कामगार पुढारी आणि एक सर्जन. नावं गुप्त. लग्न झालंय का, मुलं किती, नोकरी काय, चर्चला जातो का, हे सगळं विचारात घेतलं जायचं. बातमी बाहेर आली तेव्हा अमेरिकेत गदारोळ झाला.

१९७१ मध्ये शेप ग्लेझर नावाचा रोगी खासदारांच्या समितीसमोर मशीन जोडूनच साक्षीला बसला. ऑक्टोबर १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सननं कायद्यावर सही केली आणि १ जुलै १९७३ पासून मूत्रपिंड निकामी झालेल्या बहुतेक सगळ्यांचा खर्च, वय न बघता, मेडिकेअर हा तिथला सरकारी आरोग्य विमा उचलू लागला. बाकी कुठल्याही अवयवाला हे भाग्य मिळालं नाही.

आता माझा मुद्दा. त्यानंतर मशीन सुधारलं, पण मूळ काम तेच राहिलं. बदलत गेली ती पैसे देण्याची रीत, आणि ती बदलली की रोग्याला मिळणारा उपचारही बदलत गेला. किती तास मशीनवर ठेवायचं, घरी करायचं की केंद्रात, औषधाचा डोस किती, सगळं. डॉक्टर वाईट होते म्हणून हे झालं असं मी म्हणत नाही. दरपत्रक ठरवणाऱ्यानं नकळत उपचारही ठरवला, असं म्हणतोय.

आपल्याकडे सरकारी योजनांतून डायलिसिस आत्ता कुठं तालुक्यापर्यंत पोचतंय. म्हणून विचारतो: आपलं दरपत्रक कोणता उपचार घडवतंय? इथं डॉक्टर, टेक्निशियन, रुग्णांचे नातेवाईक असतील तर जरूर लिहा.

सोनचाफा

वाचतेय. त्या समितीतली गृहिणी घरी जाऊन जेवत कशी असेल, हाच विचार डोक्यात घोळतोय.

ट्रान्झिस्टर

झकास धागा! तंत्रज्ञान आणि धंदा म्हटलं की मला सीटी स्कॅन आठवतो. ईएमआय ही गाण्यांच्या रेकॉर्डी काढणारी कंपनी. बीटल्सच्या रेकॉर्डी धो धो खपल्या, त्या पैशातून गॉडफ्री हाउन्सफील्डनं स्कॅनर बनवला. म्हणजे चार पोरांच्या गिटारीनं जगाच्या मेंदूचे फोटो काढले!

फिल्मवाचक

@ट्रान्झिस्टर, गोष्ट गोड आहे पण अर्धीच खरी. ईएमआयकडे पैसा होता हे बरोबर. पण ब्रिटनच्या आरोग्य खात्यानं त्या संशोधनात घातलेली रक्कम ईएमआयच्या वाट्यापेक्षा मोठी होती, असं नंतर हिशेब तपासणाऱ्यांनी दाखवलंय. गिटारीइतकंच श्रेय करदात्याला द्या.

या गोष्टीचा पुढचा भाग धाग्याच्या विषयाला जास्त लागू पडतो. १ ऑक्टोबर १९७१ ला लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ले हॉस्पिटलात पहिल्या रोग्याच्या मेंदूचा स्कॅन झाला. १९७९ ला हाउन्सफील्ड आणि ॲलन कॉरमॅक यांना नोबेल मिळालं आणि त्याच साली डबघाईला आलेली ईएमआय थॉर्न कंपनीनं विकत घेतली. काही काळातच स्कॅनरचा धंदाही हातातून गेला. शोध लावणारा बुडाला आणि बाजार गेला जनरल इलेक्ट्रिक, सीमेन्स यांच्याकडे. एक्स-रे मशीन विकून हॉस्पिटलांशी त्यांचे जुने संबंध होते आणि दुरुस्तीला माणसं गावोगाव होती. मशीन विकणं सोपं, ते दहा वर्षं चालू ठेवणं हाच खरा धंदा.

दुसरी गोष्ट. सीटी इतका महाग होता की अमेरिकेत त्याच्यावर लगाम घालायची धडपड झाली. १९७४ च्या कायद्यानं राज्यांना भाग पाडलं: हॉस्पिटलला मोठं यंत्र घ्यायचं तर आधी 'गरज आहे' असा दाखला मिळवा. पण बऱ्याच ठिकाणी हा नियम हॉस्पिटलला लागू, डॉक्टरच्या खासगी कन्सल्टिंग रूमला नाही. झालं, डॉक्टरांनी एकत्र येऊन स्कॅनर हॉस्पिटलच्या बाहेर बसवले. लगाम घालायला निघाले आणि स्वतंत्र स्कॅन सेंटर नावाची नवी जमात वाढीला लागली.

कोयनाकाठ, तुमच्या मुद्द्यात एक भर घाला: पैशाची रीत उपचार ठरवते, तसा नियमातला कोपरा धंद्याची जागा ठरवतो.

मुळशीचा_भात

+१. फिल्मवाचक, तुमचे प्रतिसाद वेगळा धागा काढण्यासारखे असतात.

डॉ_भीमथडी

मी तालुक्याच्या गावात फिजिशियन आहे, बायको भूलतज्ज्ञ. आमच्या वीस खाटांच्या हॉस्पिटलात चार डायलिसिस मशीन आहेत. धाग्याच्या सुराशी माझं पटत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कोयनाकाठ सात जणांच्या समितीपासून सुरुवात करतात आणि धंद्यावर येऊन बोट ठेवतात. पण समिती कशामुळं बसवावी लागली? खाटा कमी म्हणून. खाटा वाढल्या कशा? कायदा झाल्यावर पैसा सरकारनं दिला, पण जागा घेऊन, पाण्याचा प्लांट टाकून, नर्सेस शिकवून केंद्रं उभी करणाऱ्यांत मोठा वाटा खासगी कंपन्यांचा होता. बोस्टनमध्ये दोन डॉक्टरांनी १९६८ सालीच 'नॅशनल मेडिकल केअर' काढली होती, तिनं शहराशहरात केंद्रं टाकली. कायदा झाला तेव्हा अमेरिकेत दहा हजारांच्या आसपास लोक डायलिसिसवर होते, आज पाच लाखांच्या वर आहेत. स्क्रिबनरला नफ्याचा हा प्रकार अजिबात पसंत नव्हता, त्याची तळमळ मला समजते. पण नफा नको म्हणणाऱ्या जगात रोग्याला समितीच्या दारात उभं राहावं लागत होतं, हेही विसरू नका.

आता माझ्या घरचं. मशीनला कर्ज, आरओ प्लांटला कर्ज, वर्षाचा मेंटेनन्स करार वेगळा. टेक्निशियन शिकून तयार झाला की पुण्याला जातो. महिन्याला किती सिटिंग झाली तर हप्ता निघतो हे मला तोंडपाठ आहे, आणि ते पाठ असण्यात मला काही वावगं वाटत नाही. हप्ता थकला तर मशीन उचलून नेतील आणि माझे रोगी पुन्हा सत्तर किलोमीटर लांब जातील. हिशेब न ठेवणारा डॉक्टर गावात टिकत नाही.

नदीपल्याड

@डॉ_भीमथडी, तुमच्यासारख्यांमुळंच आमच्या वडिलांची तीन वर्षं सुखात गेली. पण एक विचारू? हप्ता निघायला अमुक सिटिंग लागतात हे पाठ असताना, समोरच्या रोग्याला डायलिसिस आत्ता सुरू करायचं की अजून दोन महिने औषधावर थांबायचं, हा निर्णय घेताना तो आकडा डोक्यात येत नाही? आरोप नाही, खरंच जाणून घ्यायचंय.

डॉ_भीमथडी

@नदीपल्याड, येतो. म्हणूनच अशा केसेसमध्ये मी जिल्ह्याच्या नेफ्रॉलॉजिस्टचा, म्हणजे मूत्रपिंडतज्ज्ञाचा, सल्ला घेतो. त्यांचा माझ्या मशीनशी काही संबंध नाही.

कोयनाकाठ

@डॉ_भीमथडी, मोकळेपणानं लिहिलंत, आभार. नफा नसावा असं मी म्हणत नाही. माझं बोट दराच्या रचनेवर आहे. एक उदाहरण देतो, कंटाळा आला तर पुढं जा, पण मला यानं फार विचार करायला लावला.

मूत्रपिंड गेलं की रक्त बनवायला सांगणारं एरिथ्रोपोएटिन कमी पडतं, रोगी पांढराफटक पडतो. १९८९ साली त्याचं इंजेक्शन आलं, ईपीओ. खरोखर वरदान, नाहीतर महिन्यातून कितीदा तरी रक्त चढवावं लागायचं. मेडिकेअरनं सुरुवातीला ठरवलं, डोस दहा हजार युनिटच्या आत असेल तर दर वेळी सरसकट ४० डॉलर. म्हणजे औषध कमी घातलं तर उरलेले पैसे केंद्राचे. झालं काय, डोस लहानच राहिले. १९९१ मध्ये दर बदलला: दर हजार युनिटला ११ डॉलर. आता जितकं जास्त टोचाल तितकं जास्त मिळणार. डोस चढत गेले, वर्षानुवर्षं चढत गेले. २००६-०७ च्या सुमारास अभ्यासातून पुढं आलं की हिमोग्लोबिन फार वर नेलं तर हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो, औषधाच्या वेष्टनावर ठळक इशारा आला. २०११ पासून इंजेक्शन आणि डायलिसिस मिळून एकच ठोक रक्कम सुरू झाली. आता औषध हा खर्च झाला, कमाई राहिली नाही. डोस उतरले.

रोग तोच, औषध तेच, शिकलेले डॉक्टरही तेच. रोग्याच्या दंडात किती युनिट गेली हे वॉशिंग्टनमधल्या दरपत्रकावर हललं.

सोनचाफा

बाप रे. हे माहीतच नव्हतं.

पॅसिफिककाठ

सिएटलजवळ राहते, नवरा इथल्याच एका केंद्रात सोशल वर्कर आहे, त्यामुळं हा विषय घरचा.

कोयनाकाठ यांनी घरच्या डायलिसिसचा उल्लेख ओझरता केला, तो खरं तर मुख्य आहे. साठच्या दशकात खाटा नव्हत्या म्हणून स्क्रिबनरच्या लोकांनी रोग्यांना आणि त्यांच्या बायका-नवऱ्यांना मशीन चालवायला शिकवलं. सुतार, शेतकरी, शिक्षक, सगळे शिकले. रात्री मशीन लावून झोपायचं आणि सकाळी कामावर. १९७३ च्या आसपास अमेरिकेतले चाळीसेक टक्के रोगी घरीच डायलिसिस करायचे. मग मेडिकेअर आलं. केंद्रात केलं तर जवळजवळ सगळं सरकार भरणार, घरी केलं तर सामानसुमानाचा बराच खर्च आपल्या खिशातून. कोण घरी करेल? काही वर्षांत घरचं प्रमाण त्या चाळीस टक्क्यांच्याही निम्म्याखाली घसरलं. १९७८ मध्ये कायदा सुधारून पाहिला, पण तोवर केंद्रांचं जाळं विणून झालं होतं, आणि रिकामी खुर्ची कोणत्याच मालकाला नको असते.

मग १९८३ पासून एका डायलिसिसला ठोक दर लागला, स्वतंत्र केंद्राला १२७ डॉलरच्या आसपास. महागाई वाढली पण दर वर्षानुवर्षं तिथंच. मग केंद्रांनी वेळ आखडता घेतला, आणि डायलायझर, म्हणजे रक्त गाळणारी ती नळकांडी, धुऊन त्याच रोग्याला पुन्हा वापरू लागले. नव्वदच्या दशकात बहुतेक अमेरिकन केंद्रं रीयूज करत होती. १९९६ मध्ये जर्मनीच्या फ्रेसेनिअसनं नॅशनल मेडिकल केअर विकत घेतली. ही कंपनी डायलायझर स्वतःच बनवते. पुढं तिनं आपल्या केंद्रांत रीयूज बंद केलं. धुण्याचा खर्च वाचला आणि कारखान्याचा मालही खपला. यात रोग्याचा तोटा झाला असं नाही, पण रीयूज सुरू होतानाही हिशेब होता आणि बंद होतानाही.

आज इथले बहुसंख्य रोगी दोन कंपन्यांच्या केंद्रांत जातात. नवरा म्हणतो, खुर्च्या उत्तम आहेत, टीव्ही आहे, माणसं चांगली आहेत. पण घरी करता येतं हे कित्येकांना कोणी नीट सांगितलेलंच नसतं.

गोदातीर

मी बीडचा. आमच्याकडं तंत्रज्ञान आणि धंदा म्हटलं की पहिली आठवते सोनोग्राफी, आणि ती आठवण काही चांगली नाही.

गर्भलिंग तपासणीच्या जाहिराती लोकलच्या डब्यांत आणि भिंतींवर लागायच्या तो काळ मोठ्यांना आठवत असेल. आता पाचशे खर्चा, नंतरचे पन्नास हजार वाचवा, असा त्यांचा सूर. मुंबईतल्या कार्यकर्त्यांनी रेटा लावला आणि १९८८ मध्ये महाराष्ट्रानं देशात सगळ्यात आधी कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. पण १९८८ च्या कायद्याच्या नजरेसमोर मुख्यतः गर्भजल तपासणी होती. सोनोग्राफी मशीन तोवर स्वस्त झालं, लहान झालं, गावोगाव पोचलं. कायदा एका तंत्रासाठी केला आणि धंदा दुसऱ्या तंत्रावर उडी मारून गेला. शेवटी पुण्या-मुंबईच्या संस्थांना सुप्रीम कोर्टात जावं लागलं आणि २००३ पासून दुरुस्त कायदा आला. २०११ च्या जनगणनेत आमच्या जिल्ह्यात हजार मुलांमागं ८०७ मुली होत्या, सहा वर्षांखालच्या.

इथं सरकारी दर नव्हता, विमा नव्हता, कंपनीचा दबाव नव्हता. रोख पैसे देणारं गिऱ्हाईक होतं आणि ते गिऱ्हाईक आम्हीच होतो. म्हणून कोयनाकाठ, तुमचा सिद्धांत इथं अपुरा पडतो. बिल भरणारा सरकार असेल तर दरपत्रकाला दोष देता येतो. बिल आपणच भरत असू तर?

फिल्मवाचक

@गोदातीर, प्रतिसाद पोचला. गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीला या कायद्यानं भरावा लागणारा फॉर्म एफ रोज भरतो, त्यातली चूक किती महागात पडते तेही माहीत आहे आणि आमचे रेडिओलॉजिस्ट लोक त्यावर कुरकुरतातही. पण तो फॉर्म का आला हे तुमच्यासारख्यांनी अधूनमधून आठवून द्यावं.

चिटणीस_काका

चॅरिटी कमिशनरच्या कामाशी उमेदीच्या काळात संबंध आला, म्हणून आपल्याकडची एक जुनी गोष्ट सांगतो. नव्या लोकांना ठाऊक नसते.

१९८८ मध्ये केंद्रानं हॉस्पिटलांना परदेशी यंत्रं जकात न भरता आणायची सवलत दिली, अधिसूचना ६४/८८. अट अशी: बाह्यरुग्णांपैकी किमान ४० टक्के लोकांना फुकट उपचार, आणि महिना ५०० रुपयांखाली उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी १० टक्के खाटा राखीव. सीटी, एमआरआय, कॅथलॅब, काय काय त्या सवलतीत आलं. जकात तेव्हा जबर होती, सवलत म्हणजे घबाड. यंत्रं तर आली. फुकट रुग्णांच्या नोंदवह्या मात्र अनेक ठिकाणी भरल्याच गेल्या नाहीत, किंवा कॅम्पमधली नावं उतरवून भरल्या गेल्या. १९९४ ला सवलत काढून घेतली आणि पुढं जकात वसुलीचे खटले बरीच वर्षं चालले.

महाराष्ट्रात २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं धर्मादाय हॉस्पिटलांसाठी योजना घालून दिली. १० टक्के खाटा निर्धनांना मोफत, १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, आणि त्यासाठी बिलाच्या दोन टक्के निधी बाजूला. ही योजना आजही लागू आहे. आपल्या माणसाला मोठ्या धर्मादाय हॉस्पिटलात न्यायची वेळ आली तर आत गेल्याबरोबर समाजसेवा अधीक्षकाला भेटा, रेशन कार्ड आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला बरोबर ठेवा. बिल हातात पडल्यावर धावाधाव करून फार कमी मिळतं.

मुळशीचा_भात

काका, शेवटचा परिच्छेद व्हॉट्सॲपवर घरच्या सगळ्यांना पाठवला. धन्यवाद!

ट्रान्झिस्टर

अवांतर: २०१७ ला स्टेंटच्या किमतींवर मर्यादा आली तेव्हा औषधाचा लेप असलेला स्टेंट एकदम २९,६०० वर आला होता. आधी लाख-सव्वा लाख सर्रास. तेवढ्यानं अँजिओप्लास्टीचं बिल तेवढंच उतरलं का? आमच्या मामाच्या बिलात स्टेंट स्वस्त झाला आणि बाकीच्या ओळी लांबल्या.

डॉ_भीमथडी

@ट्रान्झिस्टर, एकाच वस्तूच्या किमतीवर हात ठेवला की फुगा दुसरीकडून फुगतो, हे मान्य. म्हणूनच ठोक दर बरा, पण तो परवडणारा तरी हवा. योजनेत मिळणारा दर आणि पैसे हातात पडायला लागणारा वेळ, दोन्ही बघा. ठोक दर कमी ठेवला तर अमेरिकेत झालं तेच होणार, वेळ आखडणार. पॅसिफिककाठ यांनी लिहिलंय ते मी इथं बसून आधीच बघतोय.

सोनचाफा

एक व्यक्तिगत प्रश्न विचारते, विषयाला धरूनच आहे. माझे काका कणकवलीजवळ एका वाडीत राहतात, वय ६८. नुकतंच डायलिसिस सुरू झालंय. आठवड्यातून दोनदा जातात, डॉक्टर म्हणाले होते तीनदा. काकू म्हणते दोनदाच झेपतं. पोटातून करायचं डायलिसिस असतं म्हणे, घरी करता येतं. ते कोणी आपण होऊन सुचवलं कसं नाही?

आरओ_प्लांट

डायलिसिस टेक्निशियन आहे, सरकारी रुग्णालयातल्या केंद्रात. धागा सकाळपासून वाचतोय, आता शिफ्ट सुटली म्हणून लिहितोय.

@सोनचाफा ताई, आठवड्यातून दोनदा हे आपल्याकडचं सगळ्यात मोठं दुखणं आहे. खासगीत पैशामुळं दोनदा. आमच्याकडं फुकट आहे तरी पुष्कळ जण दोनदाच येतात. कारण सांगतो. पहिली शिफ्ट पहाटे पाचला. आल्यावर वजन, बीपी, मग हातावरचा फिस्टुला, म्हणजे सुया टोचायला शीर आणि धमनी जोडून केलेली जागा, बोटानं चाचपायचा, आत थरथर लागली पाहिजे. दोन सुया, चार तास. एका सिटिंगला साधारण १२० लिटर शुद्ध पाणी फिरतं, म्हणून आमचा जीव आरओ प्लांटमध्ये अडकलेला असतो. दोन सिटिंगमध्ये चार दिवस गेले की माणूस चार-पाच किलो पाणी अंगावर घेऊन येतो. ते चार तासांत काढायचं म्हणजे पायात गोळे येतात, बीपी धाडकन पडतं. मग रोगी म्हणतो बास, काढा. अर्धा तास आधीच सुटतो. पुढच्या वेळी पाणी आणखी जास्त.

आणि हा दिवस एका माणसाचा नसतो, सोबत कोणीतरी लागतं. एसटीच्या साध्या गाडीत डायलिसिसच्या पेशंटला प्रवास सवलत आहे, पण पहाटे पाचला पोचवणारी साधी गाडी आमच्या भागात नाही. वडाप किंवा रिक्षा करावी लागते. सोबतच्या माणसाचा रोज बुडतो. तिसरी खेप इथंच कटते. आमच्या मशीनची खुर्ची फुकट आहे, खुर्चीपर्यंतचा रस्ता फुकट नाही.

पोटातल्या डायलिसिसबद्दल. दोन लिटरची पिशवी, दिवसातून साधारण चार वेळा आत सोडायची, काही तासांनी काढायची. वीज लागत नाही, खेपा लागत नाहीत. कोकणातल्या वाडीला चांगलं बसतं. पण हात धुण्याची शिस्त पाळावीच लागते, नाहीतर पोटात जंतुसंसर्ग होतो. पिशव्यांचे खोके ठेवायला कोरडी जागा लागते. काकूंची तयारी आहे का आणि काकांच्या पोटाचं आधी ऑपरेशन झालंय का, हे नेफ्रॉलॉजिस्टला नक्की विचारा. तोवर तिसरी खेप चुकवू नका, मीठ आणि पाणी मोजून द्या.

सुचवलं का नाही? खरं सांगू, आमच्याकडं मशीन आहे, टेक्निशियन आहे, सिटिंगचा आकडा रोज वर पाठवायचा असतो. घरी करणाऱ्या रोग्याचा आकडा आमच्या तक्त्यात कुठं बसतच नाही.

पॅसिफिककाठ

आरओ_प्लांट, तुमच्या शेवटच्या वाक्यात कोयनाकाठ यांच्या प्रश्नाचं उत्तर आलंय असं मला वाटतं.

जोड म्हणून सांगते: हाँगकाँगनं १९८५ पासून सरकारी खर्चात पोटातलं डायलिसिस आधी, असं धोरण ठेवलं आणि तिथले बहुसंख्य रोगी त्यावरच राहिले. थायलंडनं २००८ ला तेच केलं, मग २०२२ मध्ये रोग्याला निवड खुली केली. आजार तोच, पण पोटातून की मशीनवर हे बिल भरणाऱ्यानं ठरवलं. भारताच्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमातही, जो २०१६ ला सुरू झाला, २०१९ पासून पोटातल्या डायलिसिससाठी मार्गदर्शक सूचना आहेत. म्हणजे कागदावर दार उघडं आहे.

गोदातीर

कागदावरचं दार किती जड असतं ते आम्हाला विचारा. तरी ढकलायला हरकत नाही.

डॉ_भीमथडी

@पॅसिफिककाठ, पोटातलं डायलिसिस मला मान्य आहे, पण त्यात माझी मशीनं रिकामी राहतील हे लपवत नाही. दर सिटिंगमागं पैसे मिळतात तोवर माझ्यासारखा डॉक्टर ते सुचवायला कचरणारच. महिन्याला रोग्यामागं ठरावीक रक्कम द्या, घरी ठेवा की केंद्रात हे माझ्यावर आणि रोग्यावर सोडा, मी दोन्ही आनंदानं करीन. त्यात महिन्याला नीट पाठपुरावा झाला नाही तर कापाही माझे पैसे.

कोयनाकाठ

@डॉ_भीमथडी, धाग्यावर विचारलं होतं ते हेच.

@गोदातीर, तुमचा आक्षेप मला मान्य आहे. गिऱ्हाईक आपणच असतो तेव्हा दरपत्रकानं काही सुटत नाही. सोनोग्राफीवर तुम्हीच वेगळा धागा काढा, इथं तो आडोशाला पडतोय.

@आरओ_प्लांट, तुमच्या केंद्रात सांगितलेल्या तीन खेपांपैकी प्रत्यक्ष किती होतात, चार तासांचे किती वेळा साडेतीन होतात, याची नोंद कुठं ठेवली जाते का? नुसती सिटिंगची बेरीज वर गेली तर दोनदा येणारे दहा जण आणि तीनदा येणारे सात जण जवळजवळ सारखेच दिसणार.

आरओ_प्लांट

प्रत्येकाच्या शीटवर सुरुवातीची आणि शेवटची वेळ लिहिलेली असते, वजनही. वर मात्र बेरीजच जाते. आमच्या डॉक्टर मॅडमना विचारून रोगीवार तक्ता करायला घेतो, नावं काढून. सोबत कोण आलं आणि कसे आले, हे दोन रकानेही वाढवतो. सोनचाफा ताई, काकांचं पोटाचं ऑपरेशन झालंय का ते कळलं की इथंच लिहा.

सोनचाफा

झालेलं नाही, काकूला आत्ताच फोन केला. खोके ठेवायला माडीवर कोरडी खोली आहे म्हणते. सोमवारी नेफ्रॉलॉजिस्टची वेळ घेतली आहे.